पोराला पट्ट्याने मारलं, आता प्रार्थनेला बसवत नाही

ऐरोलीचा_बाप

सगळ्यांना सलाम. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलो, लिहायची ही पहिलीच वेळ. मंडळीत कुणाजवळ बोलायचा धीर होत नाही.

आम्ही मूळचे राहुरीकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. ऐरोलीत येऊन सतरा वर्षं झाली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत मी शिफ्ट सुपरवायझर होतो. मागच्या वर्षी कंपनीने आमचं युनिट बंद केलं. वय ४७. चार महिने घरी काढले, मग घणसोलीच्या एका टॉवरवर नाईटला वॉचमन म्हणून लागलो. पगार निम्म्याहून कमी. बायको घरीच पाळणाघर चालवते. थोरला १६ वर्षांचा, अकरावीला. धाकटी ११ वर्षांची.

आमच्या फ्रिजवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, दशांशाचा, म्हणजे कमाईतला दहावा वाटा देवासाठी काढायचा. आईने लावलेली सवय: पगार आला की आधी डबा, मग किराणा. नोकरी गेल्यावरही तो बंद केला नाही. कधी शंभर, कधी पन्नास. टाकलेले पैसे वहीत लिहितो. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री मोजायला घेतले तर ४,३०० रुपये कमी.

थोरल्यानेच घेतले होते, तीन महिन्यांत थोडे थोडे करून. २,८०० चे फुटबॉलचे बूट आणि १,५०० टीमची फी. बूट मित्राकडे लपवले होते. मी बुटांना नाही म्हणालो होतो हे खरं आहे. विचारलं तर म्हणाला, "देवाला बूट लागत नाहीत." मग म्हणाला, "तुमचा देव सगळं बघतो ना? तुमची नोकरी गेली तेव्हा कुठे बघत होता?"

मी पट्टा काढला. किती मारलं ते आठवत नाही. बायकोने मधे हात घातला तेव्हा थांबलो. त्याच्या दंडावर बक्कलचा वळ उठला.

आज बारा दिवस झाले. तो माझ्याशी बोलत नाही, चर्चला येत नाही. आणि मला रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तोंड उघडवत नाही. "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटलं की पुढचे शब्द घशात अडकतात. शिस्त लावणं हे बापाचं काम आहे असंच आम्ही शिकलो. मग हे मन का खातंय?

कळव्याचे_काका

भाऊ, मन खातंय म्हणजे तुम्ही चांगले बाप आहात. पण चोरी घरातली, तीही अर्पणाच्या डब्यातली. ही लहान गोष्ट नाही. बायबलमधल्या एली याजकाची मुलं, हफनी आणि फिनहास, लोकांनी आणलेल्या बलिदानातलं मांस त्रिशुळाने काढून घ्यायची. बापाला सगळं ठाऊक होतं. तो नुसता बोलला, आवरलं नाही. १ शमुवेल ३:१३ उघडा, देवाने एलीच्या घराण्यावर दोष ठेवला तो यासाठीच. आणि छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, हे नीतिसूत्रे १३:२४ चं वचन मी सांगायला नको. आमच्या वडिलांनी आम्हाला निंबाच्या ओल्या फोकाने मारलं, पाचही भावंडं मार्गाला लागलो. पट्टा नको होता, एवढं मी म्हणेन. पण केलं ते अगदीच चूक होतं असं समजून पोरासमोर मऊ पडू नका.

वाशीची_समुपदेशक

मी शाळेत मुलांसोबत काम करते, त्यामुळे आधी व्यवहाराचं. वळ कसा आहे? दंड वर उचलताना दुखतो का? सूज असेल तर डॉक्टरकडे न्या, आणि डॉक्टरांना खरं कारण सांगा.

दुसरं, काकांना आदराने सांगते. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण करणं हा बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा ठरू शकतो, आई-बाप असले तरी. दादांना घाबरवायला हे लिहीत नाही. बक्कलचा वळ आणि शिस्त या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत, इतकंच. मुलाला बाहेरच्या कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्याच्यासाठीही आहे. तो त्याला तुम्हीच सांगा. बापाने स्वतः सांगितला तर त्याला फार वेगळं काहीतरी कळेल.

कोलबाडची_आई

दादा, तुमची पोस्ट वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच जुने कॅथलिक, ठाण्यातले. माझा मोठा एकोणीसचा असताना दारूला लागला. मी मारलं नाही, पण जिभेने जे मारलं ते मारण्यापेक्षा वाईट होतं. दर रविवारी मिस्साला जायचे आणि पूर्ण वेळ देवाकडे त्याची तक्रार करायचे. एका कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली देताना, फादर मला म्हणाले, "बाई, तू मुलाचीच पापं सांगतेस. तुझी कधी सांगणार?" मी तिथून रागाने उठून आले होते. घरी पोहोचेपर्यंत, तलावपाळीच्या कडेने चालता चालता, राग उतरला.

आमच्यात संत मोनिकाला आया फार मानतात. तिचा मुलगा ऑगस्टीन, पुढे तोही संत झाला, वर्षानुवर्षं भरकटला, एकदा तर तिला फसवून रात्रीच्या जहाजाने रोमला निघून गेला. ती मागोमाग इटलीत गेली. एका बिशपांच्या ती सारखी मागे लागायची, मुलाशी बोला, वाद घाला, त्याला समजवा. ते म्हणाले, आत्ता नको, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. इसवी सन ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती वारली. मला या गोष्टीतली ती नुसती वाट बघायची वर्षं धरून ठेवावीशी वाटतात. माझा मुलगा आज सहा वर्षं पीत नाही. उद्याचं मी सांगू शकत नाही.

पाळकबाई

ऐरोलीच्या भावाला एकच विचारते. पोराने दोन वाक्यं म्हटली असं तुम्ही लिहिलंय. हात नेमका कोणत्या वाक्यावर उठला?

सावकाश उत्तर द्या. इथे नाही दिलंत तरी चालेल.

हिब्रू_वाचतो

काकांनी नीतिसूत्रे १३:२४ काढलं म्हणून लिहितो. पुण्यात ईशशास्त्र शिकताना या वचनावर आमच्या वर्गात दोन तास गेले होते.

त्यातल्या छडीसाठी मूळ हिब्रू शब्द आहे शेबेट. हाच शब्द स्तोत्र २३ मध्ये येतो, "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" यातली आकडी म्हणजे शेबेट. आपल्या मराठी बायबलमध्ये एका ठिकाणी छडी, दुसऱ्या ठिकाणी आकडी झाल्यामुळे दोन्हींचं नातं दिसत नाही. मेंढपाळाच्या हातातली ती काठी जनावरांवर चालून जायची आणि कळप मोजायलाही लागायची. लेवीय २७:३२ मध्ये तर काठीखालून जाणारं प्रत्येक दहावं जनावर परमेश्वराचं, म्हणजे दशांशाचं, असं सांगितलंय. तिथेही शेबेटच. भाऊंच्या डब्याची गोष्ट वाचताना मला पहिल्यांदा हेच आठवलं.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं: नीतिसूत्रांत मारण्याचा उल्लेखच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. २३:१३ मध्ये तो सरळ आहे. तो त्या काळचा समाज होता आणि ती वचनं त्या समाजाच्या भाषेत आहेत. पण नव्या करारात पौल घरातल्या शिस्तीबद्दल लिहितो तेव्हा (इफिसकरांस ६:४) बापांना पहिली आज्ञा काय देतो? मुलांना चिरडीस आणू नका. शिस्त नंतर येते. आणि तिथे शिस्तीला वापरलेला ग्रीक शब्द पायदेया हा 'मूल' या शब्दावरूनच आलेला आहे. मुलाला हाताशी धरून वाढवणं, असा त्याचा सगळा रोख. इब्री १२ मध्ये देव आपल्याला लावतो त्या शिस्तीलाही हाच शब्द आहे. त्या अध्यायात शिस्त गोड वाटते असं लिहिलेलं नाही, ती दुःखाची वाटते असंच लिहिलंय. म्हणून शिस्तच नको, असा याचा अर्थ मी घेत नाही.

नगरची_माहेरवाशीण

आकडी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. आमच्या शिवारात उन्हाळ्यात धनगर यायचे. हातात लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडा किंवा विळा. रान वाळून गेलेलं असायचं, खाली गवताची काडी नसायची. धनगर आकडीने बाभळीची फांदी ओढून खाली धरायचा, आणि मेंढ्या-करडं पाला आणि शेंगा खायची. हात भरून यायचे त्याचे, तरी फांदी सोडायचा नाही, कारण सोडली तर वर उसळणार. मी लहानपणी ते टक लावून बघत बसायचे. तेव्हापासून तेविसावं स्तोत्र म्हटलं की मला तो धनगरच दिसतो. काटे त्याच्या अंगावर पडायचे.

रबाळे_नाका

मी ख्रिस्ती नाही, पण याच पट्ट्यात कामाला होतो आणि माझंही युनिट बंद झालं. एक सांगतो. नोकरी गेल्यावर घरातला प्रत्येक प्रश्न आपल्या नोकरीवरच बोट ठेवतोय असं वाटतं. बायकोने "भाजी काय आणू" विचारलं तरी लागतं. पोराचं बोलणं तुम्हाला कुठे लागलं असेल ते मला इथे बसून कळतंय. काळजी घ्या भाऊ.

तेव्हाचा_मुलगा

माझं वय २९. मी त्या पोराच्या जागेवर होतो. गाव वेगळं, घर वेगळं, पण पट्टा तोच आणि नंतरची प्रार्थनाही तीच.

बाबा मारून झालं की अर्ध्या तासाने सगळ्यांना गुडघ्यांवर बसवायचे आणि देवाला सांगायचे, "प्रभू, या मुलाला क्षमा कर." त्या प्रार्थनेत बाबांनी स्वतःचं नाव कधीच घेतलं नाही. माराचं मी कधीच विसरलो. ती प्रार्थना विसरता आली नाही. अजूनही कुणी माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायला लागलं की माझे खांदे आखडतात. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझा हात धरून दंडावरून बोट फिरवलं, जिथे मारायचे तिथे. बोलले नाहीत. मी ते क्षमा मागणं समजलो. पण शब्दांत ऐकायला मिळालं असतं तर मला माझी इतकी वर्षं बरी गेली असती असं वाटतं.

तुम्ही रात्रीची प्रार्थना करू शकत नाही म्हणता. मला वाटतं तुमचं घर त्या मानाने बरं आहे. तुम्हाला निदान शब्द अडकतात.

ऐरोलीचा_बाप

ड्युटीवरून लिहितोय. केबिनमध्ये पंखा आहे, बाकी शांत आहे.

पाळकबाई, तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन रात्री दुसरं काही सुचलं नाही. पहिल्या वाक्यावर मी चिडलो होतो, पण उठलो नव्हतो. खुर्चीत होतो. हात दुसऱ्या वाक्यावर उठला. तो प्रश्न मी स्वतः चार महिने रोज पहाटे विचारत होतो, कुणाला ऐकू येणार नाही असा. तो पोराच्या तोंडून मोठ्याने ऐकला. मी त्याला चोरीसाठी मारलं नाही. माझ्याच मनातलं बोलला म्हणून मारलं.

रबाळेच्या भावा, बरोबर ओळखलंत.

दंड तपासून घेतला. हाडाला काही नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत, औषध लिहून दिलं. १०९८ चा कागद त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने वाचला, घडी करून वहीत ठेवला.

आणखी एक. काल सकाळी घरी आलो, बायको भाताला तांदूळ काढत होती. पिंपात खाली हाताला काहीतरी लागलं म्हणाली. माझा पट्टा. तांदळात तळाशी पुरून ठेवलेला. धाकटीने. मी गेले दोन आठवडे पँटला सुतळी बांधून ड्युटीला जातोय, पट्टा हरवला असं समजून. तिला विचारलं, तर आधी रडली, मग म्हणाली, "दादाला परत मारू नये म्हणून."

मला वाटत होतं ही गोष्ट माझी आणि थोरल्याची आहे.

कोलबाडची_आई

तिला जवळ घ्या आधी. बाकी सगळं नंतर.

पाळकबाई

भाऊ, उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात (लूक १५) बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा पैसे उधळून परत आलेल्या धाकट्याला बघून धावत, आणि दुसऱ्यांदा, ज्याकडे आपलं लक्ष जात नाही, थोरला रागाने दाराशी थांबतो तेव्हा त्याची समजूत घालायला. तुमच्या घरी जी चांगली वागते, डब्याला हात लावत नाही, तिनेही सगळं पाहिलं आहे. तिच्यासाठीही बाहेर यावं लागेल.

थोरल्याकडे क्षमा मागा. पण क्षमा मागताना "तू पण चोरी केलीस ना" हे जोडू नका. दोन हिशेब वेगळे ठेवा. तुमचा आधी मिटवा. त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी, उजेडात, चहा घेताना, बायकोसमोर. आणि तो हिशेब सोडूनही देऊ नका. काकांचा एलीचा मुद्दा तिथे लागू होतो.

कळव्याचे_काका

पट्ट्याची आणि तांदळाची गोष्ट वाचली. नातीएवढीच आहे ती. आधीच्या पोस्टमधलं "मऊ पडू नका" हे मी मागे घेतो. एलीचा मुद्दा सोडत नाही. ४,३०० रुपये पोराने स्वतःच्या कष्टाने भरावेत. बूट विकून टाकावेत.

वाशीची_समुपदेशक

पैसे भरावेत याला माझाही होकार आहे. बूट विकण्याला नाही. त्याची चोरी बुटांसाठी होती, पण फुटबॉल हा गुन्हा नव्हता. बूट घेतलेत तर शिक्षा त्याच्या खेळाला होईल. पैसे फिटेपर्यंत बूट घरात समोर दिसतील असे ठेवा, लपवू नका, फेकू नका. फिटले की घालू द्या. सकाळची पेपरची लाईन अशी पोरं करतात. अभ्यासाला धक्का लागत नाही असं बघा, बास.

हिब्रू_वाचतो

बुटांबाबत मी काकांच्या बाजूने होतो, ताईंचं वाचून बदललो.

आता भाऊंच्या मूळ प्रश्नाबद्दल, जो पोराने विचारला: नोकरी गेली तेव्हा देव कुठे बघत होता? त्याला घाईने उत्तर देऊ नका असं मला वाटतं. स्तोत्रांच्या पुस्तकातच हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "कुठवर?" अशी आहे. पोराने बायबलमधलाच प्रश्न विचारला, फक्त उद्धटपणे.

नगरची_माहेरवाशीण

मला पंडिता रमाबाई आठवतात. लहान वयात दुष्काळात आई-बाप गेले. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. तिला वाढवलं, शिकवलं, केडगावच्या मुक्ती मिशनचं, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमाचं, काम तिच्या हाती द्यायचं ठरवलं. आणि जुलै १९२१ मध्ये चाळिशीतली मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या. त्यांनी ते काम टाकलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. मी केडगावला गेले होते तेव्हा हाच विचार मनात होता: एकुलती लेक गेल्यावर त्या टेबलाशी पुन्हा कशा बसल्या असतील. उत्तर मिळालं नाही. पण त्या बसल्या एवढं मला पुरतं.

कोलबाडची_आई

आणि आपलं ठाणंच घ्या ना. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी याच गावात मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तिघे सोबती. देवाने त्यांना वाचवलं नाही. जॉर्डन नावाचा त्यांचा साथीदार वाचला होता, त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि तो कामाला लागला. मी हे माझ्या मुलांना सांगते, कारण विश्वास ठेवला की घरात सगळं नीट होतं असं त्यांना शिकवलं, तर पहिल्या संकटाला ती म्हणणार, मग तुमचा देव खोटा. तुमच्या पोराला बहुतेक असंच वाटलं असेल, दादा. आपणच कधीतरी तसं शिकवतो, प्रार्थना कर म्हणजे पास होशील.

ऐरोलीचा_बाप

तीन आठवड्यांनी लिहितोय.

क्षमा मागितली. शब्द जमवून ठेवले होते, सगळे विसरलो. त्याच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणालो, "मी तुला मारलं ते चूक होतं. तू विचारलेला प्रश्न माझाही आहे. मला उत्तर माहीत नाही." तो पाठ करून झोपला होता. उठला नाही, बोलला नाही. मी दोन मिनिटं थांबून आलो. धाकटी स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला नंतर पट्टा दिला आणि सांगितलं, तुला हवं ते कर. तिने तो कचऱ्याच्या गाडीत टाकला, आधी कात्रीने तीन तुकडे केले. मी नवीन घेतलेला नाही, नाडीची पँट घालतो.

पैशाचं दुसऱ्या दिवशी बोललो, पाळकबाईंनी सांगितलं तसं. बूट खिडकीत ठेवलेत. तो सेक्टरमधल्या पेपरवाल्याकडे पहाटे पाचला जातो. पहिले बाराशे आले. डब्यात टाकताना त्याने वहीत स्वतः लिहिलं. अक्षर फार दाबून लिहिलेलं आहे, पुढच्या पानावर उमटलंय.

चर्चला अजून येत नाही. मी विचारत नाही. मंडळीत लोक विचारतात, थोरला कुठे? मी सांगतो, घरी आहे. रात्रीची प्रार्थना पुन्हा सुरू केलीय. तो आतल्या खोलीत असतो, दार लावत नाही.

परवा बायकोला ताप होता. मला वाटलं आज डबा नाही, बाहेरून वडापाव खाऊ. साडेनऊला गेटवर सायकल आली. थोरला. ऐरोलीहून घणसोली, अंधारात, हँडलला डबा अडकवून. मी कुठे काम करतो ते त्याने तोवर कधी पाहिलं नव्हतं. केबिनमध्ये दुसरी खुर्ची नाही, तो पाण्याच्या कॅनवर बसला. गाड्यांचं रजिस्टर चाळलं. विचारलं, "रात्रभर इथेच?" म्हटलं, "हो." मग विचारलं, "झोप आली तर?" मी सांगितलं, टॉवरला एक फेरी मारतो. तो म्हणाला, "चला, मारू." आम्ही बेसमेंटपासून फेरी मारली, दोघांनी. बॅटरी त्याने धरली होती.

परत येऊन मी डबा उघडला. वांग्याची भाजी, मीठ जास्त. मी विचारलं, आईने तापात कशाला केली? तो सायकलचं कुलूप काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मी केली."